इस्राएल म्हणजे नक्की कोण? इंदूरच्या मंडळीतल्या एका वादाची पार्श्वभूमी

ऑक्टोबर २०२३ मध्ये गाझाचं युद्ध सुरू झालं तेव्हापासून इंदूरच्या मराठी ख्रिस्ती घरांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन तऱ्हेचे मेसेज फिरतायत. एक म्हणजे निळा-पांढरा झेंडा, खाली उत्पत्ती १२:३, जे तुला आशीर्वाद देतील त्यांना मी आशीर्वाद देईन, आणि त्याखाली इस्राएलसाठी प्रार्थना करा नाहीतर शाप लागेल असा जरा धमकीवजा मजकूर. दुसरा कमी येतो पण येतो, की अरे बाबांनो आता इस्राएल म्हणजे मंडळी, म्हणजे आपणच, त्या देशाशी बायबलचं काही घेणंदेणं उरलेलं नाही. मग वादावादी, मग कोणीतरी काका "ग्रुपवर फक्त वचनं टाका" म्हणून सगळ्यांना गप्प करतात, आणि पुढच्या बातमीला परत तेच.

गंमत म्हणजे दोन्हीकडचे लोक छातीठोकपणे सांगतात की आम्ही फक्त बायबल वाचतो, आमची काही थिऑलॉजी-बिऑलॉजी नाही. पण दोन्ही वाचनांना जन्मतारीख आहे, गाव आहे, आणि मुख्य म्हणजे आजच्या इस्राएल देशाचं काय करायचं हे ठरवायला त्यातलं एकही जन्मलेलं नाही. एक वाढलं झुरिचमध्ये तान्ह्या बाळांच्या बाप्तिस्म्यावरून उठलेल्या भांडणात, दुसरं आलं आयर्लंडमधल्या स्वतःच्याच चर्चला वैतागलेल्या एका तरुण पाद्र्याकडून. आणि इंदूरची खासियत अशी की जुन्या घरांत पहिलं कागदावर आहे आणि दुसरं कानावर, दोन्ही सुखाने नांदतायत, आणि ती एकमेकांची विरोधक आहेत हे फारसं कुणाच्या ध्यानातच येत नाही. म्हणून ही पार्श्वभूमी. जरा लांबेल.

मुळापासून घेऊ. उत्पत्तीमध्ये देव अब्राहामाला संतती देतो, देश देतो, आणि पृथ्वीवरच्या सगळ्या कुळांना तुझ्याद्वारे आशीर्वाद मिळेल असं सांगतो. १५ व्या अध्यायात हा करार पक्का होतो तेव्हा अब्राहाम गाढ झोपेत आहे आणि चिरलेल्या जनावरांच्या मधून फक्त धुमसती शेगडी आणि मशाल जाते, म्हणजे जबाबदारी सगळी देवाची. पण १७ व्यात सुंता येते, आणि जो करणार नाही तो लोकांतून तोडला जाईल असंही येतं, म्हणजे अट आली. मग सीनाय पर्वतावरचा मोशेचा करार, तिथे तर अटीच अटी, अनुवाद २८ काढून बघा, पाळलंत तर भरभराट, नाही पाळलंत तर देशातून उखडले जाल. मग दाविदाला कायमच्या सिंहासनाचं वचन. आणि यरुशलेम पडायच्या सुमारास यिर्मया म्हणतो की देव नवा करार करणार, नियमशास्त्र हृदयावर लिहिणार. कुणाशी करणार? तर इस्राएलच्या घराण्याशी आणि यहूदाच्या घराण्याशी. त्यात इंदूर, नगर, जालना ह्यातलं कुणी नाही. प्रभुभोजनाला आपण प्याला घेतो तेव्हा ज्या नव्या कराराचं नाव घेतो तो हाच, दुसऱ्याच्या नावाने लिहिलेला. त्यात आपण कसे शिरलो, आणि आपण शिरल्यावर ज्यांच्या नावाने तो लिहिला होता त्यांचं काय झालं, ह्या दोन प्रश्नांवर १९०० वर्षं भांडण चाललंय.

पहिल्या पिढीत प्रश्न अगदी उलटा होता हे लोक विसरतात. येशू यहूदी, बारा प्रेषित यहूदी, पौल यहूदी, पहिली मंडळी सगळी यरुशलेमची. तेव्हा यहूदी आत येतील का हा प्रश्नच नव्हता, आपल्यासारख्या परराष्ट्रीयांना आत घ्यायचं का आणि घ्यायचं तर सुंता करून की न करता हा प्रश्न होता. इ.स. ४९ च्या आसपास यरुशलेमला त्यावर बैठक झाली, प्रेषितांच्या कृत्यांच्या १५ व्या अध्यायात ती आहे. पेत्र बोलला, पौल आणि बर्णबानं अनुभव सांगितले, याकोबानं निकाल दिला की सुंतेचं ओझं नको, मूर्तीचं नैवेद्य, रक्त, गळा दाबून मारलेलं आणि जारकर्म एवढं टाळा. गलतीकरांच्या पत्रात पौल ह्याच मुद्द्यावर तापलेला दिसतो, म्हणतो अब्राहामाला वचन आधी मिळालं, नियमशास्त्र ४३० वर्षांनी आलं, मागून आलेलं आधीचं रद्द करू शकत नाही, आणि जे ख्रिस्ताचे ते अब्राहामाचे संतान आणि वारस. "आता आपणच इस्राएल" म्हणणारी मंडळी इथून सुरू होते आणि इथेच थांबते.

पण तोच पौल ५७ च्या सुमारास रोमकरांना लिहितो तेव्हा सूर वेगळा आहे. रोमच्या मंडळीत परराष्ट्रीयांची संख्या वाढलेली, थोडा रुबाबही आलेला, आणि पौल त्यांना जैतुनाच्या झाडाचं सांगतो. मूळ इस्राएलचं, काही फांद्या तोडल्या गेल्या, तुम्ही रानटी जैतुनाच्या फांद्या, तिथे कलम केलेल्या, म्हणून फुशारकी मारू नका, मुळाला तुम्ही धरलेलं नाही, मुळानं तुम्हाला धरलंय. आणि तोडलेल्या फांद्या देव परत लावू शकतो. पुढे म्हणतो सगळ्या इस्राएलचं तारण होईल, आणि देवाची दानं आणि बोलावणं परत घेतलं जात नाही. ११:२८ मध्ये तर एकाच वाक्यात दोन्ही बाजू: सुवार्तेच्या दृष्टीनं ते शत्रू, निवडीच्या दृष्टीनं पूर्वजांमुळे प्रिय. एवढं बोलून तो समजावणं सोडतो आणि देवाच्या अगाध ज्ञानाची स्तुती करत अध्याय संपवतो. माझं मत विचाराल तर पौलानं गाठ मुद्दाम तशीच ठेवली नाही, त्याला ती सुटलीच नाही, आणि पुढच्या प्रत्येकानं एकेक टोक ओढून आपल्याला सुटली असं जाहीर केलं.

मग इतिहासानं झटका दिला. इ.स. ७० मध्ये टायटसच्या रोमन सैन्यानं मंदिर जाळलं, १३५ मध्ये बार कोखबा ह्या यहूदी पुढाऱ्याचं बंड चिरडल्यावर यरुशलेमचं नावसुद्धा बदलून एलिया कॅपिटोलिना केलं आणि यहूद्यांना शहरात यायला बंदी घातली. ख्रिस्ती लेखकांनी ह्याचा अर्थ लावला की बघा, देवानं निकाल दिला. दुसऱ्या शतकात जस्टिन मार्टर एका यहूद्याशी झालेला संवाद लिहितो आणि त्याला तोंडावर सांगतो की खरा आत्मिक इस्राएल आम्ही. बर्णबाच्या नावानं चालणारं एक पत्र तर म्हणतं करार त्यांचा कधी पक्का झालाच नाही, मोशेनं पाट्या फोडल्या तेव्हाच गेला. ह्याच्याही पलीकडे मार्सियन, तो म्हणाला जुना करारच नको, तो देवच वेगळा; त्याला साधारण १४४ मध्ये रोमच्या मंडळीनं बाहेर काढलं. हे महत्त्वाचं आहे, कारण जुना करार ठेवायचा ठरल्यावर तो आपला कसा हे सिद्ध करणं भाग पडलं, आणि ते सिद्ध करताना तो त्यांचा नाही असंही म्हटलं जाऊ लागलं.

चौथ्या शतकापर्यंत सत्ता ख्रिस्ती झाली होती आणि मग नुसता अर्थ लावण्यापुरतं राहिलं नाही. ३८६-३८७ मध्ये अंत्युखियात योहान क्रिसोस्तमनं प्रवचनं केली ती आज वाचवत नाहीत. त्याचा राग खरं तर स्वतःच्याच मंडळीवर होता, कारण त्याची माणसं यहूदी सणांना सभास्थानात जात होती, पण शिव्या यहूद्यांना बसल्या आणि पुढे शतकानुशतकं कामाला आल्या. ऑगस्टिननं मधला रस्ता काढला, स्तोत्र ५९ मधलं "त्यांना मारू नको" धरून, की यहूदी हे आपल्या शास्त्राचे साक्षीदार, त्यांना जगू द्या पण विखुरलेलं आणि खालीच राहू द्या. हजार वर्षांचं राज्यही त्यानं भविष्यातून काढून मंडळीच्या चालू काळात आणून ठेवलं. त्याच्या ह्या "मारू नका" मुळे काही जीव वाचले असतील, पण १०९६ मध्ये क्रुसेडवाल्यांनी ऱ्हाइनकाठच्या यहूद्यांची कत्तल केली, १२१५ मध्ये लॅटरनच्या परिषदेनं त्यांना वेगळे कपडे घालायला लावले, १२९० मध्ये इंग्लंडनं आणि १४९२ मध्ये स्पेननं देशाबाहेर काढलं. लूथरनं १५२३ मध्ये येशू जन्मानं यहूदी होता ह्याची आठवण देणारं चांगलं पुस्तक लिहिलं आणि १५४३ मध्ये सभास्थानं जाळा असं सांगणारं दुसरं. इथे जास्त वेळ घालवत नाही, पण "आम्हीच इस्राएल" ह्या साध्या वाटणाऱ्या वाक्याची ही किंमत कुणीतरी दुसऱ्यानं दिलीय एवढं डोक्यात ठेवा.

आता झुरिच. २१ जानेवारी १५२५ ला कोनराड ग्रेबेलनं जॉर्ज ब्लाऊरॉकला मोठेपणी परत बाप्तिस्मा दिला. हे लोक म्हणजे ॲनाबॅप्टिस्ट, त्यांचं म्हणणं सोपं होतं की बाप्तिस्मा विश्वास ठेवणाऱ्यानं घ्यायचा, बाळ काय विश्वास ठेवणार, नव्या करारात बाळाचा बाप्तिस्मा दाखवा. झुरिचच्या चर्चसुधारणेचा पुढारी असलेल्या झ्विंग्लीला तो दाखवता येईना. मग तो मागे गेला, थेट उत्पत्ती १७ पर्यंत, की अब्राहामाच्या करारात आठ दिवसांच्या बाळाची सुंता व्हायची, ते बाळ काय विश्वास ठेवत होतं? करार तोच आहे, खूण बदलली, सुंतेच्या जागी बाप्तिस्मा. हे चालायचं असेल तर जुना आणि नवा करार मुळात एकच असायला हवा, आणि इस्राएल आणि मंडळी मुळात एकच लोक. त्याच्यामागून आलेल्या बुलिंगरनं १५३४ मध्ये ह्याच एका करारावर अख्खं पुस्तक लिहिलं, कॅल्विननं ते आणखी पक्कं केलं: करार एक, फक्त राबवायच्या तऱ्हा दोन. वाद काही शांतपणे चालला नाही, फेलिक्स मान्झला जानेवारी १५२७ मध्ये झुरिचच्या लिमाट नदीत बुडवून मारलं, पाण्याच्या बाप्तिस्म्याला पाण्याची शिक्षा.

ह्या विचाराचं सगळ्यात नीटस रूप म्हणजे १६४६ चा वेस्टमिन्स्टरचा विश्वासांगीकार. त्याचा सातवा अध्याय सांगतो की आदामाशी कर्मांचा करार होता, तो मोडल्यावर देवानं कृपेचा करार केला, आणि अब्राहाम, मोशे, दावीद, ख्रिस्त ही सगळी त्याच एका कृपेच्या कराराची पानं. तारण जुन्या करारातही ख्रिस्तामुळेच, फक्त तेव्हा ते यज्ञ आणि सावल्यांतून दिसत होतं. पण इथे एक गोष्ट लोक सोडून देतात. ह्याच लोकांच्या मोठ्या प्रश्नोत्तरीत "तुझं राज्य येवो" म्हणताना काय मागायचं हे सांगताना यहूद्यांना बोलावलं जावं हेही घातलंय. बरेच प्युरिटन, म्हणजे इंग्लंडमधले कडवे प्रोटेस्टंट, रोमकरांस ११ वाचून मानत होते की शेवटी यहूदी मोठ्या संख्येनं ख्रिस्ताकडे येतील. म्हणजे करार एक मानणारे सगळे यहूद्यांना पुसून टाकणारे होते हे यूट्यूबवर ऐकायला मिळतं ते खरं नाही.

आणि हे इंदूरला कसं आलं, तर कॅनडाहून. १८७५ मध्ये तिकडच्या प्रेस्बिटेरियन मंडळ्या एक झाल्या, वेस्टमिन्स्टरवरच, आणि १८७७ मध्ये त्यांचे मिशनरी जे. एम. डग्लस आणि जे. फ्रेझर कॅम्पबेल आपल्या माळव्यात उतरले, इंदूर आणि महू. होळकरांच्या राज्यात बाजारात उपदेश करण्यावरून त्यांची दरबाराशी कटकट बरीच वर्षं चालली ती वेगळी गोष्ट. जॉन विल्कींनी १८८७ मध्ये काढलेलं क्रिश्चियन कॉलेज आपल्याला सगळ्यांना माहीत आहे, तिथून शिकलेले निम्मे लोक ख्रिस्ती नाहीत, आणि ख्रिस्ती आहेत त्यातल्या कितीजणांना कॉलेजमागच्या मंडळीचा करार माहीत असेल देव जाणे. मराठी घरं त्यात नगर, जालना अशा बाजूनं नोकरी-रेल्वेच्या निमित्तानं येत गेली, तीही बहुतेक अमेरिकन मराठी मिशनची नाहीतर स्कॉटिश मिशनची, म्हणजे बाळाचा बाप्तिस्मा करणारीच. आजी सांगायची "बाळाला करारात घेतलं" ते वाक्य झुरिचवरून आलंय.

मराठी माणसाच्या बाबतीत ह्या गोष्टीत एक वळण आहे जे जगात फार कुणाच्या वाट्याला नाही आलं, की इस्राएल आपल्याकडे पत्रातून यायच्या आधीच कोकणात घाणा चालवत बसला होता. बेने इस्राएल, शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून शनवार तेली. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईला आले, रोमकरांस ११ ची आशा घेऊन आलेल्या मंडळीतले, आणि त्यांनी बेने इस्राएलांच्या मुलांसाठी शाळा चालवल्या, मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिलं. त्यांना वाटलं असेल की जुना करार मराठीत हातात पडला की ही माणसं नव्याकडे येतील. झालं वेगळंच, ख्रिस्ती झाले अगदी मोजके, आणि बाकीचे त्याच बायबलच्या, त्याच हिब्रूच्या जोरावर जास्त पक्के यहूदी झाले. १९४८ नंतर त्यातले बहुतेक इस्राएलला गेले आणि तिथे १९६० च्या दशकात रब्बींनी, म्हणजे यहूदी धर्मगुरूंनी, ह्यांच्या लग्नांवर शंका काढली, हे खरे यहूदी की नाहीत ते तपासा म्हणून. बेने इस्राएलांनी यरुशलेमला आंदोलन केलं आणि १९६४ मध्ये क्नेसेटला, म्हणजे तिथल्या संसदेला, जाहीर करावं लागलं की हे सगळ्या बाबतीत यहूदीच. म्हणजे इस्राएल कोण हा प्रश्न फक्त ख्रिस्ती लोकांनाच पडत नाही.

आता दुसरी धारा, आणि इथे जरा जास्त थांबतो कारण आपल्या ग्रुपवरचे नव्वद टक्के मेसेज (हा माझा अंदाज, हिशेब नाही) इथून येतात. जॉन नेल्सन डार्बी, जन्म १८००, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकलेला, वकिली सोडून चर्च ऑफ आयर्लंडचा पाद्री झाला. विकलो भागात गरीब कॅथलिकांमध्ये काम करत होता, लोक येत होते, आणि डब्लिनच्या आर्चबिशपनं हुकूम काढला की प्रोटेस्टंट होणाऱ्यानं इंग्लंडच्या राजाशी निष्ठेची शपथ घ्यायची. डार्बीच्या मते काम तिथेच मेलं. वैतागलेला, त्यात १८२७ मध्ये घोड्याच्या अपघातात पाय दुखावून पडून राहिला, आणि पडल्या पडल्या यशया वाचला. त्याला वाटलं की सरकारच्या मांडीवर बसलेली ही संस्था ख्रिस्ताची मंडळी असूच शकत नाही, खरी मंडळी स्वर्गीय आहे, ख्रिस्ताबरोबर वर बसलेली. मग यशयात जे पृथ्वीवरच्या राज्याचं, देशाचं, यरुशलेमचं लिहिलंय ते कुणाचं? ते इस्राएलचं, शब्दशः इस्राएलचं, आणि अजून व्हायचंय.

म्हणजे त्याची सुरुवात यहूद्यांच्या प्रेमातून झालीच नाही, चर्चवरच्या रागातून झाली. मंडळीला पृथ्वीवरून मोकळं करायचं तर पृथ्वीवरची वचनं कुणाला तरी द्यायला लागणार. १८३१ ते ३३ मध्ये विकलोतल्या पॉवरस्कोर्ट हाउसमध्ये भविष्यवाण्यांवर सभा झाल्या आणि हळूहळू पूर्ण नकाशा तयार झाला: देवाचे लोक दोन, इस्राएल पृथ्वीवरचे, मंडळी स्वर्गातले. दानीएलच्या ९ व्या अध्यायातले ७० सप्तकं, त्यातली ६९ झाली, यहूद्यांनी मशीहाला नाकारलं म्हणून घड्याळ थांबलं, मंडळीचा काळ म्हणजे मधली रिकामी जागा. एक दिवस मंडळी वर उचलली जाईल, ज्याला सगळे रॅप्चर म्हणतात, घड्याळ परत सुरू, सात वर्षं महासंकट, मग ख्रिस्त येऊन यरुशलेममधून हजार वर्षं राज्य. ह्यात झ्विंग्लीचं सगळं उलटं होतं. करार एक नाही, लोक एक नाहीत, अब्राहामाचा देश अब्राहामाच्या रक्ताच्या वंशालाच.

डार्बी आणि त्याची ब्रदरन मंडळी ब्रिटनमध्ये छोटीच राहिली. तो १८६२ पासून अमेरिकेच्या वाऱ्या करू लागला आणि तिथे यादवी युद्धानंतरच्या निराश वातावरणात, जग सुधारत चाललंय हे कुणाला पटेनासं झालेलं असताना, हा विचार भिनला. विल्यम ब्लॅकस्टोननं १८९१ मध्ये अध्यक्ष हॅरिसनकडे ४१३ मोठ्या लोकांच्या सह्यांचं निवेदन दिलं की यहूद्यांना पॅलेस्टाइन मिळवून द्या. यहूद्यांचा स्वतंत्र देश हवा असं मांडणारं हर्झलचं पुस्तक यायला तेव्हा अजून पाच वर्षं होती. पण खरा बॉम्ब १९०९ ला पडला. सायरस स्कोफील्ड, आधी वकील, मग डॅलसचा पाळक, त्यानं किंग जेम्स बायबलच्या पानावरच खाली टीपा छापल्या, इतिहासाचे सात काळ पाडले, आणि ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसनं ते छापलं. एकाच पानावर वर वचन आणि खाली स्कोफील्ड, घरात दहा वर्षं वापरल्यावर कुठलं कुणाचं हे कोण लक्षात ठेवतो. उत्पत्ती १२:३ खाली १९१७ च्या आवृत्तीत त्याची टीप आहे की यहूद्यांना ज्यांनी छळलं त्यांचं वाईट झालं आणि ज्यांनी सांभाळलं त्यांचं भलं झालं. ग्रुपवरचा झेंड्याचा मेसेज म्हणजे ही टीप.

त्याच १९१७ च्या नोव्हेंबरात पॅलेस्टाइनमध्ये यहूद्यांच्या राष्ट्रीय घराला पाठिंबा देणारं ब्रिटिश मंत्री बाल्फोरचं पत्र आलं, १४ मे १९४८ ला इस्राएल देश जाहीर झाला, १९६७ च्या सहा दिवसांच्या युद्धात जुनं यरुशलेम त्यांच्या हातात गेलं, आणि प्रत्येक वेळी डार्बी-स्कोफील्डच्या मागचे लोक म्हणाले, सांगितलं नव्हतं? खरं सांगायचं तर डार्बीच्या स्वतःच्या हिशेबानं मंडळी उचलली जाईपर्यंत घड्याळ थांबलेलंच असायला हवं, मग पेपरातली प्रत्येक बातमी घड्याळाचा काटा कशी होते हे मला कुणी समजावून दिलेलं नाही. डॅलसच्या सेमिनरीतल्याच काही लोकांनी १९९० च्या सुमारास हे जरा सैल केलं, म्हणाले मंडळी ही रिकामी जागा नाही, नव्या कराराचे आशीर्वाद आताच सुरू झालेत, इस्राएलचं भविष्य मात्र उरलंय. पण ते आपल्यापर्यंत पोचलेलं नाही, आपल्याकडे चार्टच पोचला.

तो कसा पोचला? भारतात ब्रदरन फार आधीपासून आहेत, अँथनी नॉरिस ग्रोव्ह्स, एक्झिटरचा दाताचा डॉक्टर, बगदादवरून १८३३ मध्ये इकडे आला, त्याच्या मागून आलेल्यांनी गोदावरीच्या मुखाकडे आंध्रात काम केलं, मग केरळ. (गुजरातमधली चर्च ऑफ द ब्रदरन ही वेगळी, जर्मन मुळाची, नावावरून घोटाळा करू नका.) पेंटेकॉस्टल मंडळ्यांनी शेवटच्या काळाचा नकाशा बराचसा ह्यांच्याकडून उचलला, आणि केरळचे पास्टर, हिंदी कन्व्हेन्शन, मग टीव्ही, मग यूट्यूब अशा रस्त्यानं तो माळव्यात आला. जुनी मंडळी मधल्या काळात नाव बदलत होती, १९२४ ला युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया, २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया. त्या एकीकरणात बाप्टिस्टही होते म्हणून बाळाचा आणि मोठ्यांचा असे दोन्ही बाप्तिस्मे मान्य केले, शहाणपणाचा तोडगा, पण त्यामुळे करार एक की दोन ह्यावर घरात बोलायची वेळच आली नाही. म्हणून आज एकाच घरात सकाळच्या उपासनेत नातवाला अब्राहामाच्या करारात घेतात आणि संध्याकाळी त्याच आजोबांच्या मोबाईलवर पास्टर सांगत असतो की अब्राहामाचा करार मंडळीचा नाहीच, आणि आजोबा दोन्हीला आमेन म्हणतात.

युरोपात ह्या प्रश्नाला तिसरं तोंड फुटलं ते ऑश्वित्झमुळे. साठ लाख यहूदी मेले, मारणारे बहुतेक बाप्तिस्मा झालेले. फ्रेंच यहूदी इतिहासकार ज्यूल इझाक, त्याची बायको आणि मुलगी तिथेच गेली, त्यानं तिरस्काराची शिकवण चर्चमधून कशी आली हे मांडलं आणि जून १९६० मध्ये पोप योहान तेविसाव्यांना भेटला. त्यातून पुढे वाट निघाली ती २८ ऑक्टोबर १९६५ च्या 'नोस्त्रा एताते' ह्या कॅथलिक चर्चच्या घोषणापत्रापर्यंत, २२२१ विरुद्ध ८८ मतांनी, की येशूच्या मरणाचा दोष तेव्हाच्या सगळ्या यहूद्यांवर किंवा आजच्यांवर टाकता येणार नाही, आणि आधार कुठला तर रोमकरांस ११, तेच झाड. १९८० मध्ये योहान पौल दुसरे माइन्झला म्हणाले की जुना करार देवानं कधी रद्द केलेला नाही. कॅथलिक चर्चमध्ये गुड फ्रायडेला जाऊन प्रार्थना ऐका, १९७० पासून त्यात यहूद्यांनी देवाच्या कराराशी विश्वासू राहावं असं मागतात. १९५९ च्या आधी त्याच जागी त्यांना विश्वासघातकी म्हटलं जायचं.

मग साहजिक प्रश्न, त्यांचा करार चालू आहे तर त्यांना तारणासाठी येशू लागतो की नाही? काहींनी सरळ सांगितलं दोन करार, दोन रस्ते. व्हॅटिकननं २०१५ मध्ये ते नाकारलं, तारणाचे दोन रस्ते नाहीत, पण यहूद्यांसाठी वेगळी मिशनची संस्थाही चालवणार नाही, आणि हे दोन्ही एकत्र कसं बसतं ते देवाचं गूढ. थोडक्यात पौल जिथे थांबला तिथेच येऊन थांबले, मला तरी ते प्रामाणिक वाटतं.

प्रोटेस्टंट अभ्यासकांमध्ये खळबळ १९७७ ची, ई. पी. सँडर्सनं दाखवलं की पहिल्या शतकातले यहूदी पुण्य साठवून तारण कमावत नव्हते, त्यांच्या मते करारात प्रवेश देवाच्या कृपेनंच होता आणि नियम पाळणं हे आत राहण्यासाठी होतं. मग पौल कशाच्या विरुद्ध भांडत होता? जेम्स डन आणि एन. टी. राइट म्हणाले सुंता, खाणंपिणं, शब्बाथ ह्या कुंपणांच्या विरुद्ध, ज्यामुळे परराष्ट्रीय बाहेर राहत होते. लूथरच्या बाजूचे लोक अजून चिडलेले आहेत, की मग विश्वासानं नीतिमान ठरणं ही सुवार्ता राहिली कुठे. आपल्याकडे मात्र परूशी म्हणजे ढोंगी कर्मठ हे संडे स्कूलपासून इतकं पक्कं बसवलेलं असतं की सँडर्सचं नाव काढलं तरी लोक संशयानं बघतात.

आणि ह्या सगळ्यात ज्यांचं घर त्या देशात आहे ते ख्रिस्ती, त्यांना फार उशिरा विचारलं गेलं. बेथलेहेम, नासरेथ, रामल्लाचे अरब ख्रिस्ती, त्यांच्या मंडळ्या डार्बीच्या कितीतरी शतकं आधीच्या. २००६ मध्ये अमेरिकेत जॉन हेगींनी इस्राएलच्या पाठिंब्यासाठी मोठी ख्रिस्ती संघटना उभी केली, आणि त्याच वर्षी यरुशलेमच्या लॅटिन (म्हणजे कॅथलिक) कुलगुरूंसह तिथल्या चार मंडळ्यांच्या प्रमुखांनी लेखी सांगितलं की ख्रिस्ती झायोनिझम, म्हणजे बायबलच्या नावानं इस्राएल देशाला पाठिंबा देणं, ही चुकीची शिकवण आहे. डिसेंबर २००९ मध्ये पॅलेस्टिनी ख्रिस्ती लोकांनी 'कायरोस' नावाचं निवेदन काढलं, त्यात देशाचं वचन हे सगळ्या जगाच्या तारणाच्या सुरुवातीचं होतं, आमच्या हक्कांवर गदा आणायला ते वापरू नका असं मांडलं. यहूदी संघटनांकडून आणि काही चर्चमधूनही त्याला उत्तर आलं की हे तर परत जुनंच चाललंय, मंडळीला इस्राएलच्या जागी बसवणं. 'कायरोस'वाले म्हणाले आम्ही कुणाच्या जागी बसत नाही, आम्ही आमच्याच जागी बसलोय. हेगींचे व्हिडिओ हिंदी डबिंगसकट इंदूरपर्यंत येतात. 'कायरोस' मी आपल्या एकाही ग्रुपवर अजून फॉरवर्ड झालेलं पाहिलेलं नाही.